‘अ‍ॅनिमल फार्म’ चौकटीत मांडताना

‘अ‍ॅनिमल फार्म’ची चित्रकादंबरी करायची म्हटलं की वहीत पहिलं चित्र उमटतं ते शेवटचं: दोन पायांवर उभी डुकरं, खुरात चाबूक, अंगात कोट. मुखपृष्ठही बहुधा त्याचंच होतं. जॉर्ज ऑर्वेलच्या या कादंबरीत मळ्यातले प्राणी बंड करून मालकाला हाकलून देतात आणि मग डुकरं, त्यातही नेपोलियन, हळूहळू स्वतःच मालक होऊन बसतात. रूपांतराचं काम मात्र दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी असलेल्या पाच बादल्या दुधापासून सुरू करावं. डुकरांनी दूध आणि सफरचंदं स्वतःकडे ठेवली तिथेच गोष्ट वळते, असं खुद्द ऑर्वेलनं १९४६ मध्ये अमेरिकी लेखक-संपादक ड्वाइट मॅकडोनल्डला पत्रातून कळवलं होतं. कादंबरीत हा प्रसंग जेमतेम अर्ध्या पानाचा आहे आणि तो इतक्या साळसूदपणे सांगितला आहे की घाईत वाचणारा पुढे निघून जातो. चित्रात तो निसटला तर पुढचं सगळं रक्त आणि दारूगोळा नुसता देखावा होऊन बसतो.

तांत्रिक बाब आधी उरकून घेऊ. पुस्तक १७ ऑगस्ट १९४५ ला लंडनमध्ये आलं, ऑर्वेलचा मृत्यू २१ जानेवारी १९५० ला झाला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून होते, म्हणून १ जानेवारी २०११ पासून मूळ इंग्रजी मजकूर इथे सर्वांना खुला आहे. ब्रिटनमध्ये मुदत ७० वर्षांची, तिथे तो २०२१ मध्ये खुला झाला. अमेरिकेत मात्र प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात, त्यामुळे तिथल्या दुकानातून ई-पुस्तक विकायचं असेल तर परवानगी लागते. यात सापळा एकच. मूळ पुस्तक खुलं असलं तरी एखाद्या मराठी अनुवादकाची वाक्यं खुली नसतात, त्याचा हक्क वेगळा चालतो. इतर चित्रकारांनी घडवलेल्या पात्रांचंही तसंच. इंग्रजी मूळ समोर ठेवून मराठी नव्यानं लिहावी लागते. त्याचा फायदाही होतो, तो पुढे येईल.

आधी हिशोब

मूळ मजकूर सुमारे ३०,००० इंग्रजी शब्दांचा, १० प्रकरणांत. मराठीत विभक्तीप्रत्यय शब्दाला चिकटतात म्हणून शब्दसंख्या घटते, पण शब्द लांबतात; जागेच्या दृष्टीनं हाती फारसं काही लागत नाही. छपाई १६ पानी फर्म्यांत होते. १० फर्मे म्हणजे १६० पानं. त्यातली ८ शीर्षक, श्रेय वगैरेत गेली की १५२ उरतात. पानाला सरासरी ७० शब्द धरले तर साडेदहा हजार शब्दांची जागा मिळते. म्हणजे निम्म्याहून जास्त मजकूर एक तर चित्रात जिरवायचा, नाही तर सोडायचा. पानाला साडेपाच चौकटी या हिशोबानं आठशेच्या वर चौकटी काढाव्या लागतात. एकटा चित्रकार पेन्सिल आणि शाई मिळून महिन्याला १० पानं नेटानं करत असेल तर सव्वा वर्ष. प्रकाशकाला सहा महिन्यांचा शब्द देऊन बसलात तर शेवटच्या तीन प्रकरणांत पार्श्वभूमी गायब होते आणि नुसती डोकी बोलू लागतात. नेमकी हीच प्रकरणं सगळ्यात जड आहेत.

पानं प्रकरणांना समान वाटू नयेत. तिसरं आणि चौथं प्रकरण मिळून २० पानांत बसतं. सातव्याला, म्हणजे कबुलीजबाब आणि कत्तल, २२ द्यावीत. नवव्याला, बॉक्सर या घोड्याच्या शेवटाला, १८. दुधाच्या प्रसंगाला सबंध तीन.

पटकथेआधी तक्ता करायचा. रकाने चार: काय घडलं, कुणी पाहिलं, त्याबद्दल काय सांगितलं गेलं, आणि वाचकाला काय कळायला हवं. बाकी कुठल्याही कादंबरीला पहिला रकाना पुरतो. इथे दुसरा आणि तिसरा जास्त महत्त्वाचे, कारण या पुस्तकातलं राजकारण घटनांपेक्षा निवेदनात आहे. निवेदक कधीच नेपोलियनच्या डोक्यात शिरत नाही. ‘दूध नाहीसं झालेलं दिसलं’, ‘प्राण्यांना असं आठवत होतं’, ‘कसं कोण जाणे’ अशा वाक्यांत तो साध्या प्राण्यांना जेवढं दिसतं तेवढंच सांगतो. ही वाक्यं जशीच्या तशी निवेदनपट्टीत टाकून खाली तेच चित्र काढलं की दोन्ही मरतात. पट्टीनं प्राण्यांचा समज सांगावा, चित्रानं वस्तू दाखवावी. आणि पट्टीतलं वाक्य उपहासानं लिहू नये, भाबडेपणानंच लिहावं. डोळा मारायचा मोह होतो, तो टाळा.

दुधाचा प्रसंग या पद्धतीनं असा होतो. पहिलं पान: गाई पिळल्या जाताहेत, पाच बादल्या फेसाळलेल्या. बर्कशायर जातीचं डुक्कर काळं असतं, नाक, पाय आणि शेपटीचं टोक तेवढं पांढरं. नेपोलियन त्या मळ्यातला एकमेव बर्कशायर आहे असं पुस्तकातच आहे. तो बादल्यांसमोर येऊन उभा राहतो. हेही पुस्तकातलंच. काळं धड पांढऱ्या दुधासमोर आडवं येतं, चौकटीत दूध दिसेनासं होतं. संवाद एवढाच की दुधाचं नंतर पाहू, आधी कापणी. दुसरं पान: कापणी, ऊन, गाणं, आनंद. तिसऱ्या पानावर संध्याकाळ, त्याच कोनातून पाच रिकाम्या बादल्या. पट्टीत फक्त दूध नाहीसं झाल्याचं लक्षात आलं, एवढं वाक्य. कोपऱ्यात डुकराच्या तोंडाला लागलेला दुधाचा थेंब काढलात तर प्रसंग लहान मुलांच्या मासिकात गेला.

कॅमेरा कुठे ठेवायचा

निवेदनाची ही मर्यादा चित्रात आणायला एक नियम पुरतो: डोळ्याची उंची साध्या प्राण्यांची, आणि डुकरं एकदा घरात राहायला गेली की घराचं आतलं काहीही दाखवायचं नाही. बंडानंतर दुसऱ्या प्रकरणात सगळे प्राणी पावलं न वाजवता घरातून फिरून येतात, तेवढं आत जायचं. सहाव्या प्रकरणात डुकरं तिथे मुक्कामाला जातात आणि दार बंद होतं. त्यानंतर पलंग, दारू, उंची ताटवाट्या यांच्या नुसत्या बातम्या येतात. नेपोलियन जुनी बोलर हॅट घालून मागच्या दारानं बाहेर येतो ते दिसतं, पण अंगणातून. आत काय चाललंय हे दाखवायचं नाही म्हणजे नाही, चित्रकाराचा हात कितीही शिवशिवला तरी. अगदी शेवटी प्राणी खिडकीतून आत बघतात तेव्हाच वाचकही बघतो. मध्ये एकदा जरी डुकरांची बैठक आतून रंगवलीत तरी शेवटच्या खिडकीला काही अर्थ उरत नाही. पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात हीच चूक सर्वाधिक होते, कारण बैठकीत संवाद लिहायला सोपे असतात.

प्राणी किती माणसाळलेले काढायचे हा पुढचा प्रश्न. ‘डुकरानं लिहिलं’ हे वाक्य कुणाला खटकत नाही, पण चित्रात खूर ब्रश कसा धरतं ते काढावंच लागतं. ऑर्वेलनं सोय करून ठेवली आहे: स्नोबॉल हा डुक्कर भिंतीवर आज्ञा लिहिताना ब्रश खुराच्या दोन पेरांमध्ये धरतो, आणि शिडीवर तोल सांभाळताना त्याची तारांबळ होते. तीच पकड सगळ्या डुकरांना द्या. बाकी प्राण्यांनी वस्तू तोंडानंच धरायच्या. दहाव्या प्रकरणापर्यंत एकही डुक्कर मागच्या पायांवर उभं दिसता कामा नये, भाषण देतानासुद्धा नाही; शिडी तेवढी अपवाद. मुळाक्षरं शिकवताना डुक्कर फळ्यासमोर उभं काढलंत की दहाव्या प्रकरणात डुकराला दोन पायांवर चालताना पाहून क्लोव्हर घोडी फोडते ती किंकाळी फुकट जाते.

नमुनाचित्रं करताना आकारमान पुस्तकातून घ्या. बॉक्सर जवळपास अठरा हात उंच. घोड्याच्या मापातला हात ४ इंचांचा, म्हणजे खांद्याशी ७२ इंच, सहा फूट. त्याच्या शेजारी मध्यम उंचीचा माणूस त्याच्या खांद्याखालीच राहतो. हे प्रमाण पहिल्या पानापासून पक्कं हवं, कारण जो हजार किलोंच्या आसपास वजनाचा प्राणी एका लाथेत कुणालाही लोळवू शकतो तोच मान डोलावतो, यात सगळी गोम आहे. या कादंबरीची कल्पनाच मुळी एका दृश्यातून आली. दहाएक वर्षांचा मुलगा अरुंद वाटेवरून भल्यामोठ्या गाडीच्या घोड्याला हाकतोय आणि तो वळू लागला की चाबूक मारतोय, हे पाहून आपल्याला सुचलं, असं ऑर्वेलनं १९४७ च्या युक्रेनियन आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे. बंडाचं स्वप्न सांगणारा म्हातारा डुक्कर ओल्ड मेजर मिडल व्हाइट जातीचा, आखूड, चेपलेल्या नाकाचा. नेपोलियनची बाजू सगळ्यांच्या गळी उतरवणारा स्क्वीलर लहानखुरा, गुबगुबीत, बोलताना इकडून तिकडे उड्या मारणारा. त्याची शेपटी लागोपाठच्या दोन चौकटींत कधीच सारखी नको. तीन डुकरं छायाकृतीतच ओळखू आली पाहिजेत. नाही तर सातव्या प्रकरणात वाचक नावं शोधत मागे जातो.

नेपोलियन म्हणजे स्टालिन, तर त्याला स्टालिनच्या मिशा चिकटवायच्या का? नको. ज्याला १९१७ नंतरचा रशिया ठाऊक आहे त्याला सांगावं लागत नाही, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला मिशांनी कळत नाही. ऑर्वेल स्वतः किती काटेकोर होता पाहा. पवनचक्की उडवली जाते तेव्हा ‘नेपोलियनसह सगळे’ जमिनीवर पालथे पडतात असं मूळ हस्तलिखितात होतं. छपाईपूर्वी त्यानं ते बदलून ‘नेपोलियन सोडून सगळे’ असं करायला सांगितलं, कारण जर्मन सैन्य चालून आलं तेव्हा स्टालिन मॉस्कोत थांबला होता आणि त्याच्यावर अन्याय नको. स्फोटाच्या पानावर सगळं लक्ष धुरावर आणि उडणाऱ्या दगडांवर जातं. उभा असलेला तो एक काळा आकार पेन्सिलीच्या टप्प्यालाच पक्का करा.

मळा मराठी गावात आणावा का, गढी, पाटील, बैलजोडी? हे दर वेळी कुणी तरी सुचवतंच. मग डुकरांचं काय करणार? इंग्लंडातल्या मळ्यावर डुक्कर हा दिमाखानं पाळायचा, प्रदर्शनात मिरवायचा प्राणी आहे. आपल्या गावात त्याची जागा निराळी आणि तिला जातीचे संदर्भ चिकटलेले. रूपक पहिल्याच पानावर भलतीकडे जाईल. विलिंग्डनजवळचा मळा तिथेच राहू द्या. डांबर फासलेली कोठाराची भिंत, शायर घोडे, पाच आडव्या फळ्यांचं फाटक यांची छायाचित्रं जमवा.

भिंत

बंडानंतर प्राण्यांचा कायदा ठरलेल्या आणि पुढे डुकरं गुपचूप बदलत नेतात त्या सात आज्ञा डांबरी भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत, तीस यार्डांवरून वाचता येतील एवढ्या मोठ्या. कादंबरीतली ही एक गोष्ट जन्मतःच चित्र आहे, आणि मराठीत आणताना सगळ्यात जास्त डोकं तिथेच लागतं. इंग्रजीत आज्ञा बदलताना शेवटी दोन-तीन शब्द जोडले की भागतं. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी. ‘कोणत्याही प्राण्यानं पलंगावर झोपू नये’ असं लिहिलंत तर ‘चादरीसह’ मधेच कोंबावं लागेल, आणि रंगवलेल्या भिंतीवर मधे जागा नसते. चित्रात ही लबाडी अशक्य ठरते, गद्यात चालून गेली असती. म्हणून मूळ आज्ञाच उलट्या क्रमानं, म्हणीसारख्या बांधायच्या: ‘प्राण्यानं झोपू नये पलंगावर’, पुढे ‘चादर अंथरून’. ‘प्राण्यानं मारू नये प्राण्याला’, पुढे ‘विनाकारण’. ‘प्राण्यानं पिऊ नये दारू’, पुढे ‘बेसुमार’. दोन ठिकाणी तर एकाच शब्दात काम होतं. रूढ अनुवाद बाजूला ठेवून नव्यानं लिहिण्याचा फायदा म्हटला तो हा.

स्नोबॉलच्या लिखाणात एक शब्द चुकलेला आहे आणि एक अक्षर उलटं पडलं आहे. मराठीत ‘मित्र’चा ‘मीत्र’ करा, आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घाइतकी घरगुती चूक दुसरी नाही. उलटं अक्षर ‘समान’मधला स ठेवा, कारण त्याचा दंड डावीकडे गेला की लगेच दिसतो, ठ उलटा केला तर कुणाला कळणारही नाही. संगणकावरच्या फॉन्टनं हे होत नाही, भिंत हातानंच रंगवावी लागते. आणि मुद्रितशोधकाच्या प्रतीवर त्या दोन जागी ‘असंच ठेवा’ म्हणून खूण करा. नाही तर तो आपलं काम चोख बजावतो आणि ‘मित्र’ होऊन छापून येतं.

भिंतीचं एक मोठं मूळ चित्र करून थरांमध्ये पाच अवस्था ठेवायच्या: मूळ, चादरीनंतर, ‘विनाकारण’नंतर, ‘बेसुमार’नंतर, आणि सगळं पुसून उरलेलं एकच वाक्य. ज्या ज्या चौकटीत भिंत मागे दिसते तिचा पान-क्रमांक आणि अवस्था यांची यादी हवीच. ‘विनाकारण’ आणि ‘बेसुमार’ एकाच, आठव्या प्रकरणात येतात, गोंधळ हमखास तिथे होतो. जोडलेला शब्द ताज्या रंगाचा, वेगळ्या हाताचा दिसावा का? ढळढळीत वेगळा काढला तर प्राणी मठ्ठ ठरतात. अगदी एकजीव काढला तर वाचकाच्या हाती काही लागत नाही. मधला मार्ग शिरोरेषेत सापडतो: जोडलेल्या शब्दाची शिरोरेषा आधीच्या शब्दापेक्षा केसभर खाली. पहिल्या वाचनात जाणवत नाही, शिडी मोडून पडलेला स्क्वीलर आणि सांडलेला रंग पाहिल्यावर वाचक मागे जातो आणि तेव्हा दिसतं. त्याला मागे जाता यावं म्हणून दुसऱ्या प्रकरणातली संपूर्ण भिंत पानभर द्या, आणि सहाव्या प्रकरणापर्यंत ती पार्श्वभूमीत पाचसहा वेळा वाचता येईल अशी येऊ द्या.

घोषणा: ‘चार पाय छान, दोन पाय घाण!’ शेवटी ‘चार पाय छान, दोन पाय महान!’ मेंढ्यांच्या तोंडी एवढं पुरे. ही घोषणा संवादाच्या फुग्यात न घालता मोकळ्या अक्षरांत, दुसऱ्यांच्या फुग्यांवरून चढवून काढा. कुणी आक्षेप घेऊ लागला की त्याचा फुगा अर्धा झाकला जातो. मेंढ्यांचं काम तेच आहे. प्राण्यांच्या गाण्याचा पोवाडा करण्याचा मोह आवरा. मूळ चाल ‘क्लेमेंटाइन’ आणि ‘ला कुकराचा’ यांच्या मधली, म्हणजे थोडी हसू आणणारीच सांगितली आहे. सात कडव्यांपैकी दोन ओळी वारंवार आल्या की झालं.

मराठीची खरी देणगी आदरार्थी बहुवचन. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. इथे सुरुवातीला सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, मेजरला तेवढं ‘तुम्ही’. निवेदनपट्टीत ‘नेपोलियन म्हणाला’. आठव्या प्रकरणात त्याला नुसतं नावानं कुणी म्हणेनासं होतं, लांबलचक पदव्या लागतात. तिथून पट्टीत न सांगता न सवरता ‘नेपोलियन म्हणाले’ सुरू करा. बॉक्सरचं ब्रीद सुरुवातीला ‘नेपोलियन कधी चुकत नाही’ असतं, ते ‘चुकत नाहीत’ होतं. एक ‘त’ तेवढा वाढलेला. बेंजामिन गाढव मात्र शेवटपर्यंत कुणालाही ‘अहो’ म्हणत नाही.

तीन अवघड जागा

कत्तल. चार डुकरं, मग तीन कोंबड्या, मग आणखी. प्रत्येक गळा फोडताना दाखवायचा नाही. नऊ समान चौकटींची दोन पानं, कॅमेरा एका जागी, समोर जमलेल्या प्राण्यांवर. कबुली देणाऱ्याचा आवाज चौकटीबाहेरून येतो, आणि चौकटीगणिक गर्दीतली एकेक जागा रिकामी होते. शेवटच्या चौकटीत नेपोलियनच्या पायाशी ढीग. त्यानंतर टेकडीवर क्लोव्हर. कादंबरीत तिथे तिच्या मनातल्या, तिला शब्दांत मांडता न येणाऱ्या विचारांचा मोठा परिच्छेद आहे. तो पट्टीत उतरवलात तर तिला जे बोलता येत नाही ते तुम्ही बोलून टाकता. पहिल्या प्रकरणात मेजरच्या भाषणाच्या रात्री ती आईवेगळ्या बदकपिल्लांना पुढच्या पायाची भिंत करून जवळ घेते. ती चौकट इथे तशीच, त्याच आकारात पुन्हा ठेवायची. त्यासाठी पहिल्या प्रकरणात ती लक्षात राहील एवढी, निदान एक तृतीयांश पान, काढलेली हवी. म्हणजे सातव्या प्रकरणाची पटकथा झाल्याशिवाय पहिल्याची शाई करायची नाही. अख्ख्या पुस्तकाची काडेपेटीएवढी कच्ची पानं आधी पूर्ण करायची, ती यासाठी.

बॉक्सरची गाडी, दवाखान्याच्या नावाखाली त्याला घेऊन जाणारी. तिच्या बाजूवर खाटकाचं नाव आणि धंदा लिहिलेला आहे. बेंजामिन वाचून दाखवेपर्यंत वाचकानं ते वाचता कामा नये, पण चित्रात दिसलं की वाचलं जातंच. म्हणून गाडी आधी समोरून, मग घोड्यांच्या पायांतून, मग निरोप देणाऱ्या प्राण्यांच्या डोक्यांआड. अक्षरं उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत अर्धवट, आणि पान उलटल्यावर डावीकडे पूर्ण. पुस्तकाचं पहिलं पान उजवीकडे येतं, त्यामुळे धक्का द्यायचा तो समक्रमांकाच्या पानावर. मध्ये कुणी एक पान वाढवलं की पुढचे सगळे धक्के उघडे पडतात. दोन-दोनच्या जोडीनंच वाढवा. आतून टापांचा आवाज चौकटीगणिक लहान होत जातो, शेवटच्या चौकटीत काहीच नाही, फक्त धूळ. पुढे स्क्वीलरचं स्पष्टीकरण शांतपणे येऊ द्या, त्याला खोटं पाडणारं चित्र काढू नका. नंतर दारूची पेटी घराच्या दाराशी उतरते. तिला पट्टी नको.

तिसरी जागा शेवटची खिडकी, तिच्याकडे शेवटी येऊ.

रंग, अक्षरं, छपाई

चार रंगांत छापायची ऐपत असली तरी दोन पुरतात: काळा आणि हिरवा. झेंडा हिरवा, त्यावर पांढरं खूर आणि शिंग. सुरुवातीला हिरवा झेंड्यावर, गवतावर, सफरचंदांवर सगळीकडे असू द्या. प्रकरणागणिक गवतावरून काढत जा, दहाव्यात तो फक्त झेंड्यावर उरेल. तिथे खूर आणि शिंगही पुसलेलं असतं. रक्ताला लाल रंग नाही म्हणून चित्रकार हळहळतो, पण रक्त काळंच चांगलं दिसतं.

मूळ चित्रं छपाईच्या दीडपट मोठी. काळ्या रेषा निदान ६०० डीपीआयनं, केवळ काळ्यापांढऱ्यात स्कॅन करा. कडेला ३ मिलिमीटर कापजागा. चिकट बांधणी असेल तर आतल्या बाजूनं १५ मिलिमीटरमध्ये चेहरा किंवा फुगा नको, समोरासमोरच्या पानांवर पसरलेल्या चित्रात तर मुळीच नाही; एकमेव सहा फुटी घोड्याचं डोकं शिलाईत गेलेलं बघवत नाही. अक्षरं फक्त काळ्यात, हिरव्यावर चढवून छापा. हिरव्यात पांढरी पोकळी ठेवून आत काळं अक्षर बसवलं तर यंत्र केसभर सरकताच प्रत्येक मात्रेला पांढरी कड दिसते.

फुगे शाईआधी बसवायचे. देवनागरीला वर रफार-वेलांटी, खाली उकार. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपटीजवळ लागतं. त्यामुळे इंग्रजी पुस्तक पाहून काढलेला फुगा मराठीत पुरत नाही आणि लेटरिंग करणारा अक्षर ८ पॉइंटवर आणतो. ९ च्या खाली जाऊ नका. एका फुग्यात १८ शब्दांपुढे नको. जोर द्यायला जाड अक्षर. तिरप्या देवनागरीनं जोर येत नाही, ती नुसती पडल्यासारखी दिसते. फॉन्ट मराठीच्या ल आणि शचा हवा, हिंदी वळणाचा नको, आणि त्यात ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट उमटतो का ते आधी पाहा. ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ झालेलं छापल्यावर कळतं. चित्रकलेच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांटी अक्षरामागे जाते. अक्षरं पानबांधणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडमध्ये लावून शेवटी पीडीएफमध्ये पुन्हा एकदा ओळन् ओळ वाचावी. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेला मजकूर असेल तर दोनदा.

आता खिडकी. आधी एक सावधगिरी, रूपांतरं इथेच वाकवली जातात म्हणून. ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागानं १९५०-५१ मध्ये याच पुस्तकाची चित्रपट्टी काढवून घेतली आणि ती भारतासह अनेक देशांतल्या वृत्तपत्रांकडे पोचवली. १९५४ च्या सीआयएच्या पैशांवर बनलेल्या ब्रिटिश अ‍ॅनिमेशनपटात शेवट बदलून प्राणी पुन्हा बंड करून घरावर चालून जातात. कादंबरीत ते फक्त बघतात. तुमच्या पुस्तकातही त्यांनी फक्त बघावं.

अडचण अशी की शेवटच्या वाक्यात माणूस कोण आणि डुक्कर कोण हे सांगता येईनासं होतं, आणि चित्राला तर काही तरी काढावंच लागतं. चेहरे हळूहळू वितळवत नेणं हा सरावातला तोडगा, आणि तो व्यंगचित्रासारखा दिसतो. त्यापेक्षा दिव्याचा वापर करा. लांब टेबलाभोवती सहा शेतकरी आणि सहा डुकरं, मधोमध दिवा, खिडकीकडे पाठ असलेले सगळे काळ्या छायाकृती. यासाठी सुरुवातीपासून मळ्याचा मूळ मालक जोन्स आणि शेजारचा शेतकरी पिल्किंग्टन यांची हनुवटी आणि मानेची वळी डुकरांच्याच नमुनारेषेवरून काढलेली हवी. कुणाला तीन वळ्या, कुणाला चार. उजेडात असेपर्यंत कान आणि नाकामुळे फरक कळतो, छायाकृतीत ती मागची रेषा तेवढी राहते. भांडणाचं कारण म्हणून टेबलावर दोन इस्पिकचे एक्के, एक नेपोलियननं टाकलेला, एक पिल्किंग्टननं, लहान चौकटीत शेजारी शेजारी. मग क्लोव्हरचे म्हातारे, धुरकट डोळे. मग खिडकी, पानभर, त्यावर ना फुगा ना पट्टी.